पायांपुरती बाई

'टॉम अँड जेरी' पाहिलेल्या कुणालाही ते पाय आठवतील. स्वयंपाकघराच्या दारात उभे ठाकलेले जाडजूड पाय, त्यांत घरात घालायच्या सपाता, वर झग्याची किनार, ॲप्रनचं टोक आणि हातात बहुतेक वेळा झाडू. टॉमने बशा फोडल्या की हे पाय दणदणत यायचे, वरून एक भरदार आवाज कडाडायचा आणि टॉमची घराबाहेर उचलबांगडी व्हायची. चेहरा जवळजवळ कधीच दिसायचा नाही. लहानपणी त्यात काही खटकत नाही. आपण उंदरामांजराच्या उंचीवरून जग बघतोय, एवढं कारण पुरेसं वाटतं. मोठेपणी मात्र प्रश्न पडतो: ही बाई होती तरी कोण?

कार्टूनच्या इतिहासात तिला 'मॅमी टू शूज' म्हणतात. तिचा आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. हॅना आणि बार्बेरा या जोडीने एमजीएम स्टुडिओत केलेला मालिकेतला पहिला लघुपट, 'पुस गेट्स द बूट', फेब्रुवारी १९४० मध्ये पडद्यावर आला आणि ही बाई त्यात पहिल्यापासून होती. त्याच महिन्याच्या २९ तारखेला लॉस एंजेलिसमध्ये हॅटी मॅकडॅनियलला 'गॉन विथ द विंड'साठी ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, आणि तिच्या भूमिकेचं नावही 'मॅमी'च. त्या रात्री तिला आपल्या सहकलाकारांबरोबर बसता आलं नाही. भिंतीलगत तिच्यासाठी वेगळं टेबल मांडलं होतं. एका महिन्यात दोन मॅमी: एकीला चेहरा नव्हता, दुसरीला पंगतीत जागा नव्हती.

मॅमी हा अमेरिकेच्या मनोरंजनातला जुना साचा. गोऱ्या मालकाची मुलं वाढवणारी, लठ्ठ, तोंडाळ पण मायाळू गुलाम बाई, जिला स्वतःचं घर, स्वतःची मुलं, स्वतःचं दुःख नसतंच. हा साचा चित्रकारांनी घडवला नव्हता. तो त्यांना रंगमंचावरून आयता मिळाला होता.

१८३० च्या दशकात थॉमस राइस नावाचा गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, फाटके कपडे घालून नाचायला लागला. त्याच्या पात्राचं नाव जिम क्रो. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यागोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना हेच नाव चिकटलं. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार गोऱ्या कलावंतांनी मिळून या काजळीच्या खेळाचा अख्खा कार्यक्रम उभा केला आणि 'मिन्स्ट्रेल शो' हा प्रकार देशभर गाजू लागला. पांढरे हातमोजे, वटारलेले डोळे, तोंडभर रंगवलेले ओठ, गाणं, नाच, आळशीपणाचे विनोद. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. मुक्ती कायद्याने आली होती हे खरंच. पण त्याच काळात त्याच देशातल्या नाट्यगृहांत मुक्त झालेल्या माणसाची नक्कल करून लोक पोट धरून हसत होते, आणि या हसण्याची सवय पुढे दोन पिढ्यांनी वारसा म्हणून घेतली.

कार्टून जन्मलं ते या सवयीच्या मांडीवर. स्टुअर्ट ब्लॅक्टन हा अमेरिकन ॲनिमेशनचा आद्य पुरुष. १९०७ च्या 'लाइटनिंग स्केचेस'मध्ये त्याने कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी एक शिवी लिहिली आणि तिच्याच अक्षरांना चार रेघा जोडून काळा चेहरा काढला. एका ज्यू आडनावाच्या अक्षरांतून ज्यू चेहरा काढला. शब्द दिसला की चेहरा तयार. पुढच्या चाळीस वर्षांत जे झालं, त्याचा सगळा नमुना या काही सेकंदांत आहे.

हा साचा इतका चिवट का ठरला? एक कारण धंद्याचं होतं. लघुपट सहा-सात मिनिटांचा. पात्राची ओळख करून द्यायला वेळ नाही. पाहताक्षणी प्रेक्षकाला कळलं पाहिजे की हा कोण. दुसरं कारण शाई. काळ्यापांढऱ्या पडद्यावर काळं अंग, पांढरे डोळे आणि पांढरे हात उठून दिसत. तिसरं कारण संगीत. १९२८ च्या 'स्टीमबोट विली'नंतर बोलपट कार्टूनची लाट आली, आणि स्टुडिओंना आपल्या मालकीची गाणी खपवायची होती. त्या काळचं सगळ्यांत लोकप्रिय संगीत कृष्णवर्णीयांनी घडवलेलं होतं. संगीत हवं होतं, आणि संगीत देणारा माणूस मात्र काजळी फासलेल्या रूपातच ठाऊक होता.

ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयझिंग यांनी 'बॉस्को' या पात्राचे हक्क १९२८ मध्ये नोंदवले तेव्हा त्याचं वर्णन 'निग्रो मुलगा' असंच केलं होतं. १९३० मध्ये वॉर्नरच्या 'लूनी ट्यून्स'चा पहिला लघुपट आला तो याच बॉस्कोचा. मिकी माऊसच्या हातांत १९२९ मध्ये पांढरे हातमोजे आले. काळ्या अंगावर हात वेगळे दिसावेत ही त्यामागची सोय होती, पण मिन्स्ट्रेल नटाचे हातमोजेही तसेच होते. निकोलस सॅमंड या अभ्यासकाने तर साऱ्या सुरुवातीच्या कार्टून-प्राण्यांना मिन्स्ट्रेलचे वंशज म्हटलं आहे. ते कुणाला ताणलेलं वाटेल. १९३३ चा 'मिकीज मेलरड्रामर' पाहिल्यावर ताणलेलं वाटत नाही. 'अंकल टॉम्स केबिन'चं नाटक करायचं म्हणून मिकी तोंडात फटाका फोडून आपला चेहरा काळा करतो.

फ्लायशर बंधूंचा स्टुडिओ न्यूयॉर्कमध्ये होता आणि तिथल्या जॅझ वादकांशी त्यांची ऊठबस होती. १९३२ मध्ये त्यांनी कॅब कॅलोवे या जॅझ गायकाला बेटी बूपच्या एका लघुपटात घेतलं. जिवंत माणसाच्या चित्रफितीवरून हालचाल गिरवायचं 'रोटोस्कोप' हे तंत्र मॅक्स फ्लायशरचंच. त्या तंत्राने कॅलोवेचा नाच एका भुतासारख्या वॉलरसच्या अंगात उतरला, आणि तो आजही बघताना अंगावर काटा येतो. त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँगलाही त्यांनी घेतलं. त्यात जंगलातल्या नरभक्षकाचं मुंडकं धडापासून सुटून आकाशात तरंगत बेटीच्या सोबत्यांचा पाठलाग करतं, आणि पाहता पाहता त्या रेखाटलेल्या मुंडक्याच्या जागी आर्मस्ट्राँगचा खराखुरा, गाणारा चेहरा येतो. विसाव्या शतकातल्या एका थोर संगीतकाराला पडद्यावर आणायचं, आणि आणायचं ते नरभक्षकाच्या जागी. चित्रकारांच्या मनात द्वेष होता असं मला वाटत नाही. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही, आणि हे मला द्वेषापेक्षा जास्त गंभीर वाटतं.

दक्षिणेतल्या चित्रपटगृहांत काळ्या प्रेक्षकांना वरच्या सज्जात वेगळं बसवत. तिथे बसून त्यांची मुलं हेच लघुपट पाहत होती.

१९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली आणि परिस्थिती बदलू लागली. दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीयांनी त्या युद्धात गणवेश चढवला, तोही वेगळ्या तुकड्यांत. हिटलरच्या वंशवादाशी लढायचं आणि घरी वंशवाद सोसायचा, ही विसंगती लोकांना बोचू लागली. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४२ मध्ये दुहेरी विजयाची मोहीम चालवली: परदेशात विजय आणि मायदेशातही विजय. त्याच वर्षी 'एनएएसीपी' या १९०९ पासून काम करणाऱ्या हक्क-संघटनेचे सचिव वॉल्टर व्हाइट हॉलिवूडला गेले. रिपब्लिकन नेते वेंडेल विल्की त्यांच्या सोबत होते. स्टुडिओच्या मालकांना समोर बसवून त्यांनी मागणं मांडलं, की आमच्या माणसांना नोकर आणि विदूषक यांपलीकडच्या भूमिका द्या. मालकांनी आश्वासनं दिली. कार्टून-विभागापर्यंत ती पोहोचली नाहीत.

कारण जानेवारी १९४३ मध्ये वॉर्नरने 'कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वार्फ्स' प्रदर्शित केला. या लघुपटापाशी थांबलं पाहिजे, कारण त्यात सगळं एकत्र आहे: प्रेम, प्रतिभा आणि अपमान. दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेट. ड्यूक एलिंग्टनचा 'जंप फॉर जॉय' हा कार्यक्रम लॉस एंजेलिसमध्ये १९४१ साली गाजला होता. त्यावरून क्लॅम्पेटला कल्पना सुचली, की डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'चं जॅझमधलं विडंबन करावं. वातावरण टिपायला तो आपल्या चित्रकारांना घेऊन शहरातल्या 'क्लब अलाबाम' या कृष्णवर्णीयांच्या नाचघरात गेला. नायिकेचा आवाज व्हिव्हियन डँड्रिजचा, दुष्ट राणीचा आवाज तिची आई रुबी डँड्रिजचा. संपूर्ण पार्श्वसंगीत कृष्णवर्णीय वादकवृंदाकडून करून घ्यायची त्याची इच्छा होती, पण निर्मात्याने खर्च मान्य केला नाही.

आणि पडद्यावर काय दिसतं? राणीने साखर, कॉफी आणि टायर यांचा साठा करून ठेवलाय, कारण युद्धामुळे रेशन आहे. राजपुत्राच्या समोरच्या दातांच्या जागी जुगाराचे दोन फासे आहेत. सात बुटके सैन्याच्या गणवेशात आहेत आणि सगळ्यांच्या चेहऱ्याचा निम्मा भाग ओठांनी व्यापलाय. राणी ज्या मारेकऱ्यांना बोलावते त्यांच्या गाडीवर दरपत्रक आहे, त्यात जपानी माणसाला मारायचं काम फुकट. शेवटी राजपुत्राच्या चुंबनाने नायिका उठत नाही, एका बुटक्या सैनिकाच्या चुंबनाने उठते. तिच्या वेण्या ताडकन उभ्या राहतात आणि त्यांच्या टोकांना अमेरिकेचे झेंडे फडकतात. ठेका असा, की एकही चौकट निर्जीव नाही. १९९४ मध्ये ॲनिमेशनच्या जाणकारांनी पन्नास सर्वोत्तम कार्टूनांची यादी केली, तिच्यात हा लघुपट एकविसावा आला. मला त्याची ताकद कळते. पण काळ्या सैनिकाला देशाचा झेंडा देतानाही त्याला चेहरा दिला गेला नाही, हे पाहून जीव तुटतो.

एनएएसीपीने वॉर्नरला तो मागे घ्यायला सांगितलं. घेतला गेला नाही. पण एका सात मिनिटांच्या विनोदी लघुपटावर राष्ट्रीय संघटनेने रीतसर आक्षेप घ्यावा, हा पायंडा पडला.

१२ नोव्हेंबर १९४६ ला अटलांटा शहरात डिस्नेच्या 'साँग ऑफ द साउथ'चा थाटात पहिला खेळ झाला. त्यात जिवंत नट आणि कार्टून यांची सांगड होती. गोष्टी सांगणारा म्हातारा अंकल रीमस जेम्स बॅस्केटने साकारला होता. बॅस्केट त्या समारंभाला नव्हता. अटलांटात गोऱ्या-काळ्यांचा वेगळेपणा कायद्याने होता. ज्या सिनेमाचा तो नायक, त्याच्या सोहळ्यात त्याला सन्मानाने वावरता आलं नसतं. वॉल्टर व्हाइट यांनी तारा करून कलात्मक बाजूचं कौतुक केलं, पण मालक आणि गुलाम जणू गुण्यागोविंदाने राहत होते असं चित्र उभं केल्याबद्दल तीव्र नापसंती कळवली. न्यूयॉर्कमध्ये चित्रपटगृहाबाहेर निदर्शकांनी फलक धरले. बॅस्केटला १९४८ मध्ये विशेष ऑस्कर मिळालं आणि काही महिन्यांतच तो वारला. डिस्नेने हा चित्रपट अमेरिकेत घरी पाहण्यासाठी कधीच विक्रीला आणला नाही.

निषेधाला पहिलं ठोस यश आलं ते एका जुन्या लघुपटामुळे. वॉल्टर लँट्झचा 'स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट' १९४१ चा. 'लेझी टाउन' नावाच्या गावात सगळे काळे लोक दिवसभर झोपलेले, इतके आळशी की भांडणंही झोपेतच. मग हार्लेमहून एक उजळ रंगाची, रेखीव चेहऱ्याची मुलगी बोटीने येते आणि कपडे धुण्याच्या तालावर गावाला नाचायला लावते. सुंदर कोण आणि कुरूप कोण हे कातडीच्या छटेवर ठरलेलं. १९४८ मध्ये युनिव्हर्सलने तो पुन्हा प्रदर्शित केला, पण सात वर्षांत काळ बदलला होता. एनएएसीपीने ऑक्टोबरात पत्र लिहून आक्षेप घेतला, आणि १९४९ मध्ये युनिव्हर्सलने लघुपट मागे घेतला. मोर्चा नाही, खटला नाही. एक पत्र आणि त्यामागे उभी असलेली संघटना.

याच काळात काही जण दुसरी वाटही शोधत होते. डिस्नेच्या स्टुडिओत १९४१ मध्ये संप झाला आणि त्यातून बाहेर पडलेल्या चित्रकारांनी पुढे 'यूपीए' हा स्टुडिओ काढला. १९४६ मध्ये त्यांनी मोटार कामगारांच्या युनियनसाठी 'ब्रदरहुड ऑफ मॅन' हा छोटा चित्रपट केला. दक्षिणेतल्या कारखान्यांत गोरे आणि काळे कामगार एका युनियनमध्ये यावेत, हा त्याचा उद्देश. एका माणसाच्या खिडकीबाहेर सकाळी अख्खं जग येऊन वसतं: एस्किमो, चिनी, आफ्रिकी, सगळे शेजारी. तो आनंदाने त्यांच्याकडे धावतो, तर त्याच्याच अंगातून एक हिरवट, सावलीसारखा माणूस निघतो आणि त्याला मागे खेचून कानात विष ओततो. पूर्वग्रह हा माणसाचाच भाग आहे, पण तो म्हणजे माणूस नव्हे, हे त्या हिरव्या आकृतीने जितकं नेमकं सांगितलं तितकं भाषणाने सांगता आलं नसतं.

हा चित्रपट बेतला होता रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश यांच्या १९४३ च्या 'द रेसेस ऑफ मँकाइंड' या पुस्तिकेवर. दोघी कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ. सैन्याच्या बुद्धिमापन चाचण्यांत उत्तरेतल्या काही राज्यांतले काळे सैनिक दक्षिणेतल्या काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा वरचढ ठरले होते. ते आकडे या पुस्तिकेत होते, म्हणून एका काँग्रेस सदस्याने आरडाओरडा केला आणि सैन्याने तिचं वाटप थांबवलं. मराठी वाचकाला इथे एक ओळखीची खूण सापडेल. ९ मे १९१६ ला तरुण भीमराव आंबेडकरांनी जातिव्यवस्थेच्या उगमावरचा आपला निबंध वाचला तो कोलंबियातच, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. तीनेक वर्षांनी रूथ बेनेडिक्ट या विषयाकडे वळल्या तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांत हेच गोल्डनवायझर होते. माणसामाणसांतली उतरंड निसर्गाने नव्हे, समाजाने रचली आहे, ही मांडणी एकाच शिक्षकाच्या वर्गातून इकडे जातीच्या प्रश्नाकडे आणि तिकडे एका कार्टूनकडे गेली.

'ब्रदरहुड ऑफ मॅन'ची पटकथा लिहिणाऱ्यांत रिंग लार्डनर ज्युनियर आणि जॉन हबली होते. कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या चौकशांचं वादळ आलं आणि लार्डनर १९५० मध्ये तुरुंगात गेला. १९५२ मध्ये हबलीला यूपीए सोडावा लागला. नवी वाट अशी सुरुवातीलाच खचली. त्याच यूपीएने १९६१ मध्ये 'डिक ट्रेसी' मालिकेत जो जित्सू आणि गो-गो गोमेझ ही जपानी आणि मेक्सिकन माणसांची ठोकळेबाज सोंगं रंगवली.

१९५० नंतर अमेरिकन कार्टूनमध्ये एक विचित्र शांतता दिसते. वॉर्नरचा दिग्दर्शक चक जोन्स याच्या आफ्रिकन मुलाचा, इन्कीचा, शेवटचा लघुपट १९५० चा. मॅमी टू शूज १९५२ मध्ये शेवटची दिसली. पत्रांचा आणि निषेधाचा परिणाम होताच. धंद्याचंही कारण होतं: १९४८ च्या न्यायालयीन निकालाने स्टुडिओंची चित्रपटगृहांवरची पकड सुटली, लघुपटांचं उत्पन्न आटलं आणि वाद अंगावर घ्यायची कुणाची तयारी राहिली नाही. काजळी पुसली गेली, पण तिच्याखाली माणूस काढायची तसदी कुणी घेतली नाही. कृष्णवर्णीय माणूस पडद्यावरून सरळ नाहीसाच झाला. निषेध करणाऱ्यांनी मागितला होता न्याय्य चेहरा. त्यांच्या पदरात पडली रिकामी जागा.

या रिकामेपणाचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या ओळखीच्या बाईचंच आहे. १९६० च्या दशकात 'टॉम अँड जेरी' दूरचित्रवाणीवर दाखवायचं ठरलं तेव्हा चक जोन्सच्या चित्रकारांनी जुन्या लघुपटांतले तिचे प्रसंग नव्याने काढले. तिच्या जागी एक सडपातळ गोरी बाई आली. लिलियन रँडॉल्फच्या जागी जून फोरेचा आयरिश हेलातला आवाज आला. पायांपुरती होती तीही उरली नाही.

इकडे पडद्यामागे मात्र काहीतरी हलत होतं. खरं तर पेन्सिल सगळ्या वेळी फक्त गोऱ्या हातात होती असंही नाही. 'बँबी'मधलं धुक्यातलं जंगल ज्याच्या चित्रांतून उगवलं तो टायरस वाँग नऊ वर्षांचा असताना चीनहून आला होता आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर वडिलांपासून तोडून डांबला गेला होता. इवाओ ताकामोतो युद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलेल्या मॅन्झनार छावणीच्या काटेरी कुंपणात चित्रकला शिकला, नंतर डिस्नेत गेला आणि पुढे त्याने स्कूबी-डू रेखाटला. यांच्या हातांना काम होतं. यांच्यासारख्या चेहऱ्यांना पडद्यावर मान नव्हता.

कृष्णवर्णीय चित्रकारांना तर दारच उघडत नव्हतं. वॉर्नरमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यावर फ्रँक ब्रॅक्स्टन पहिला शिरला. फ्लॉइड नॉर्मन १९५६ मध्ये डिस्नेत रुजू झाला, माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांचा वेगळेपणाविरुद्ध बसवरचा बहिष्कार चालू होता त्या वर्षी. सांता बार्बराचा, जेमतेम विशीतला मुलगा. काम 'इनबिटविनर'चं: मुख्य चित्रकार हालचालीची सुरुवात आणि शेवट काढणार, मधली चित्रं याने भरायची. 'स्लीपिंग ब्यूटी'साठी त्याने अशी चित्रं काढली. आपण इथले पहिले कृष्णवर्णीय ॲनिमेटर आहोत हे तेव्हा मनातही नव्हतं, काम हवं होतं एवढंच, असं तो पुढे सांगत आला. १९६० च्या दशकात 'द जंगल बुक'च्या वेळी खुद्द वॉल्ट डिस्नेने त्याला कथा-विभागात घेतलं.

याच दशकात त्याने लिओ सलिव्हन आणि इतर मित्रांबरोबर 'विनियेट फिल्म्स' ही स्वतःची संस्था सुरू केली. शाळांसाठी कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर चित्रपट करायचे, हा तिचा संकल्प. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसचा वॉट्स हा कृष्णवर्णीयांचा भाग दंगलीत पेटला तेव्हा नॉर्मन आणि सलिव्हन १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन थेट तिथे गेले. बाहेरच्या वार्ताहरांना जिथे पाय ठेवणं कठीण होतं तिथे हे दोघं फिरले, आणि त्यांचं चित्रण एनबीसीने दाखवलं. डिस्नेच्या राजवाड्यात परीकथा रंगवणारा माणूस धुराने भरलेल्या रस्त्यावर आपल्याच लोकांचे चेहरे टिपत होता.

पुढची तीन-चार वर्षं घटनांची दाटी आहे. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्याच महिन्यात हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने 'पीनट्स' या चित्रमालिकेचे चित्रकार चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहिलं, की तुमच्या मुलांत एक कृष्णवर्णीय मुलगा येऊ द्या. ३१ जुलैला फ्रँकलिन आला. (१९७३ च्या त्यांच्या सणाच्या दूरचित्रपटात तो जेवायला बसतो तो टेबलाच्या एका बाजूला एकटाच, बाकी सगळी मुलं दुसऱ्या बाजूंना. पंगत इतक्या सहज बदलत नाही.) वॉर्नरचे जुने लघुपट १९५६ पासून दूरचित्रवाणीकडे गेले होते, त्यामुळे मोठ्यांच्या करमणुकीसाठी काढलेली सोंगं मुलं रोज घरी बघत होती. १९६८ मध्ये, तेव्हा हक्क असलेल्या युनायटेड आर्टिस्ट्सने त्यांतले अकरा लघुपट कायमचे बाजूला काढले. 'कोल ब्लॅक' त्यांत होताच. 'सेन्सॉर्ड इलेव्हन' या नावाने ते आजही ओळखले जातात. बाकीच्यांतले प्रसंग कात्रीने गेले, पण या अकरांत अपमान प्रसंगापुरता नव्हता, तो कथेचा कणाच होता.

आणि मग रिकामी जागा भरू लागली. १९६९ मध्ये बिल कॉस्बीच्या बालपणीच्या गोष्टींवरचा 'फॅट अल्बर्ट'चा पहिला विशेष कार्यक्रम एनबीसीवर आला. त्याचं ॲनिमेशन करणाऱ्यांत नॉर्मन आणि त्याचे विनियेटचे मित्र होते. १९७० मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल संघाची मालिका आली, 'जोसी अँड द पुसीकॅट्स'मध्ये व्हॅलरी ही हुशार मुलगी आली. ९ सप्टेंबर १९७२ ला सीबीएसवर 'फॅट अल्बर्ट अँड द कॉस्बी किड्स' सुरू झाली. फिलाडेल्फियातल्या भंगाराच्या आवारात खेळणारी काळी मुलं. ती मुलं रेखाटनातही एकसारखी नाहीत: एक लठ्ठ, एक काटकुळा, एकाची टोपी नाकापर्यंत ओढलेली. त्यांना भीती वाटते, ती खोटं बोलतात, त्यांना पश्चात्ताप होतो. पुढे कॉस्बीवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, २०१८ मध्ये तो दोषी ठरला, २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्याचं नाव आता या मालिकेवर सावलीसारखं आहे. पण ती मुलं फक्त त्याची नव्हती. ती काढणाऱ्या हातांचीही होती.

जुन्या लघुपटांचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतरही मिटला नाही. २००५ मध्ये 'टॉम अँड जेरी'च्या डीव्हीडीवर सुरुवातीला हूपी गोल्डबर्ग येऊन सांगते, की यातली काही चित्रणं तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहेत, पण ती गाळणं म्हणजे असं काही घडलंच नाही असं भासवणं होईल. मला हे पटतं. २०१० मध्ये हॉलिवूडच्या एका चित्रपट महोत्सवात त्या अकरांपैकी आठ लघुपट नव्याने स्वच्छ करून, आधी त्यांचा इतिहास सांगून, भरल्या सभागृहात दाखवले गेले. मुलांच्या सकाळच्या खाऊबरोबर ते दाखवू नयेत, पण ते कुलपात टाकले तर लिलियन रँडॉल्फ आणि व्हिव्हियन डँड्रिज यांचे आवाजही कुलपात जातात, आणि तेव्हा त्यांच्या वाट्याला येणारं काम बहुतेक असंच होतं.

फ्लॉइड नॉर्मनला वयाच्या पासष्टाव्या वर्षी, २००० च्या सुमाराला, डिस्नेने निवृत्त केलं. तो दुसऱ्या दिवशीही आला. त्याला पगार नव्हता आणि नेमून दिलेलं कामही नव्हतं. एखादी मोकळी खोली बघून तो तिथे बसायचा, चित्रं काढायचा, तरुण चित्रकारांशी बोलायचा. सहकाऱ्यांनी त्याच्या या येऊन बसण्याला त्याच्याच नावावरून एक क्रियापद केलं: 'फ्लॉइडरिंग'. पुढे स्टुडिओने त्याला पुन्हा काम दिलं, २००७ मध्ये 'डिस्ने लेजंड' हा सन्मान दिला. खुर्ची मात्र त्याने त्याआधीच, न विचारता घेतलेली होती.